सरकारी पैशाने वाचलेल्यांची यादी कोणत्या भिंतीवर लागते?

प्रति,
विदर्भातील दहाही लोकसभा मतदारसंघांचे सन्माननीय खासदार

विषय : जनतेच्या पैशातून सावरलेल्या बँका व वित्त कंपन्यांमधील जबाबदार व्यक्तींबाबत संसदेत प्रश्न विचारण्याविषयी.

महोदय, महोदया,

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेपासून सुरुवात करतो, कारण ते प्रकरण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून बँकेचे पैसे दलाल कंपन्यांकडे गेले आणि रोखे काही बँकेच्या हाती आले नाहीत. सुमारे १५० कोटींचा हा मामला. गुन्हा २००२ साली दाखल झाला. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यावर अपील झाले आहे, म्हणजे शेवटचा शब्द अजून यायचा आहे. मधल्या वर्षांत ते आमदार होते, मंत्रीही झाले. हे मी कोणत्या एका पक्षाविरुद्ध लिहीत नाही. जिल्हा बँकांच्या संचालक मंडळांवर कोणत्या पक्षाचे लोक बसले नाहीत, ते तुम्हीच सांगा.

आता याच काळातली दुसरी तारीख पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परवाना नसलेल्या २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांपैकी महाराष्ट्रातल्या तीन होत्या आणि तिन्ही विदर्भातल्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. सगळ्या बँका मिळून २,३७५ कोटी रुपयांचे भांडवल. त्यातले ६७३ कोटी केंद्राचे, २३७ कोटी नाबार्डचे, उरलेले राज्यांचे. या बँका वाचवायलाच हव्या होत्या. अशा बँकेत कास्तकाराची पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव असते, शिक्षकाचा पगार असतो, पतसंस्थांचा पैसा असतो. बँक बुडू दिली असती तर हेच लोक बुडाले असते, संचालक नाही.

पण क्रम बघा. नागपूरच्या बँकेला पैसा मंजूर झाला २०१४ ला, आणि दोषी कोण हे न्यायालयाने पहिल्यांदा सांगितले २०२३ ला. मदत देण्यासाठी तारीख ठरली. जबाबदारी ठरवण्यासाठी तारीख कोणीच घातली नाही. या पत्रात मला एवढेच मांडायचे आहे, आणि ते फक्त सहकारी बँकांपुरते नाही. देशातल्या मोठ्यात मोठ्या वित्त संस्थेलाही तेच लागू पडते.

मी यवतमाळ जिल्ह्यात विविध कार्यकारी सहकारी सोसायट्यांचा गटसचिव म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. गटसचिव म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. खरिपाच्या आधी क. म. पत्रक, म्हणजे कोणत्या सभासदाला किती पीककर्ज द्यायचे त्याचा तक्ता, तयार करायचे. सात-बारा, आठ-अ, पीकपेरा, इतर बँकांचे ना-देय दाखले गोळा करायचे. सभासदाकडून इकरार लिहून घ्यायचा, तो तलाठ्याकडे पाठवून वावराच्या सात-बाऱ्यावर बोजा चढवायचा. मग एकरी ठरलेल्या दराने कर्ज, त्यातूनच भागाची रक्कम कापून. मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत. नाही फेडले तर माणूस थकबाकीदार. थकबाकीदार झाला की नवे कर्ज बंद. सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहणे बंद. मग नोटीस, मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, मग वसुली अधिकारी, मग जप्तीची भाषा.

आणि त्याआधी यादी. थकबाकीदाराचे नाव, वडिलांचे नाव, बाकी रक्कम, सगळे सोसायटीच्या भिंतीवर. ती यादी मी माझ्या हाताने चिकटवलेली आहे. यादी लागली की माणूस त्या रस्त्याने यायचे सोडतो. बायको दळण घेऊन दुसऱ्या गल्लीने जाते. कृषी केंद्रवाला बियाण्याची उधारी देताना हात आखडतो. सोयरिकीला आलेले पाहुणे कोणाला तरी विचारून घेतातच. आणि रक्कम किती? चाळीस हजार, साठ हजार, कधी लाखाच्या आसपास. कारण बहुतेक वेळा आभाळ, नाहीतर अळी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली तेव्हा आमच्या भागात निम्म्या बोंडांत सरकीच उरली नव्हती. तरी यादी लागायचीच.

त्या भिंतीपाशी एका म्हाताऱ्या सभासदाने मला विचारले होते, "भाऊ, आमचं नाव इथं लावता, ज्याइनं कोट्यानं बुडवले त्याइचं कुठं लावता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर आता मी तुमच्याकडे मागतो आहे.

नियम होता आणि मी तो पाळला. कर्ज घेणाऱ्याने ते फेडावे, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब उघड्यावर असावा, हे मला आजही पटते. पण मग हा नियम साठ हजारांच्या कर्जालाच का? साठ कोटींना तो का नाही, सहाशे कोटींना का नाही?

शेतकऱ्याला सरकारने मदत केली नाही असे मी म्हणणार नाही. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. पाच एकरांच्या आतल्यांना पूर्ण माफी, वरच्यांना उरलेली रक्कम भरल्यावरच सवलत. ओलिताच्या पाच एकरांत आणि आमच्या कोरडवाहू पाच एकरांत किती अंतर आहे, हे दिल्लीला तेव्हा कळले नाही. कितीतरी गरजू कास्तकार एक-दोन एकरांनी बाहेर राहिले. २०१७ ला राज्याची योजना आली, मर्यादा दीड लाख. नवरा-बायकोने सेवा केंद्रावर जायचे, आधार, अंगठा, ऑनलाइन अर्ज. २०१९ ची योजना दोन लाखांपर्यंत. पुन्हा आधार प्रमाणीकरण, पुन्हा याद्या, आणि थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेली असेल तर नाव कटले.

२००८ च्या माफीची तर सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगने तपासणी केली. देशभरातली ९०,५७६ शेतकऱ्यांची प्रकरणे नमुन्याला घेतली आणि बावीस टक्क्यांहून अधिक प्रकरणांत चुका सापडल्या. खाडाखोड, फिरवलेल्या नोंदी, अपात्रांना लाभ, सगळे अहवालात छापून मार्च २०१३ मध्ये संसदेपुढे आले. बँकांना अपात्रांकडून वसुली करायला सांगितले गेले. मला यात काही गैर वाटत नाही. सरकारी पैसा असा खात्याखात्याने, अंगठ्याअंगठ्याने तपासता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. म्हणजे यंत्रणा आहे, पद्धत आहे, माणसे आहेत.

आता दुसरे पान उघडा. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत केंद्राने सरकारी बँकांत ३ लाख १० हजार कोटी रुपयांहून अधिक भांडवल घातले. त्यातला मोठा वाटा, २ लाख ७६ हजार कोटी, पुनर्भांडवल रोख्यांचा, म्हणजे सरकारने कर्ज काढून घातलेल्या पैशाचा. या रोख्यांचे व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जाते. अर्थसंकल्पात पैसा येतो कोठून? फवारणीच्या औषधावर १८ टक्के जीएसटी भरणाराही त्यात आहे. आयकर भरत नाही म्हणून कास्तकाराला करदाता न मानण्याची सवय लागली आहे, ती सोडली पाहिजे.

आणि बँकांना एवढे भांडवल का लागले? बुडीत कर्जांनी ते खाल्ले म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले की २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित, म्हणजे राइट ऑफ केली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त, ७ लाख ४० हजार कोटी, मोठ्या उद्योगांची आणि सेवा क्षेत्रांची होती. निर्लेखित कर्जांतून त्या काळात परत आले सुमारे २ लाख ४ हजार कोटी.

इथे कोणी म्हणेल की राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. बरोबर आहे, हिशेबाची वही आयुष्यभर लिहिली आहे, फरक मला कळतो. निर्लेखित कर्ज ताळेबंदातून काढले जाते, कर्जदाराची देणी संपत नाहीत, वसुली चालू ठेवता येते. ठीक. मग वसुली चालू असलेल्या कर्जदाराचे नाव सांगायला अडचण काय? आमच्या सोसायटीत वसुली चालू असलेल्यांचीच तर नावे लागायची.

अडचण सांगितली जाते ती गुप्ततेची. बँक आणि ग्राहक यांच्यातला विश्वास, बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्यातला विश्वास. या युक्तिवादावर सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१५ रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात निकाल दिलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे बँकांशी तसे विश्वस्ताचे नाते नाही, तिचे कर्तव्य जनतेशी आहे आणि माहिती अधिकारात मागितलेली माहिती तिने दिली पाहिजे, असा त्याचा अर्थ. त्यानंतरही सामान्य माणसाला ही माहिती सरळ मिळत नाही. आणि जून २०२३ मध्ये त्याच रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून, ऐपत असून न फेडणाऱ्या आणि फसवणूक केलेल्या कर्जदारांशीही बँकांना तडजोड करता येईल, हे स्पष्ट केले. फौजदारी कारवाई थांबणार नाही अशी अट त्यात आहे. पण तडजोडीनंतर बँका किमान बारा महिन्यांनी नव्या कर्जाचे दार उघडू शकतात. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीच त्याला विरोध केला. आमच्याकडे तडजोडीने एकरकमी परतफेड केलेला कास्तकार बँकेत गेला की सिबिलवर 'सेटल्ड' दिसते आणि साहेब मान हलवतो. बारा महिन्यांचे आश्वासन त्याला कोणी देत नाही.

रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या वित्त कंपनीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्यात फक्त संचालकच नव्हते. २०१८ साली ही कंपनी हप्ते चुकवू लागली तेव्हा तिच्या समूहावर ९० हजार कोटींहून अधिक कर्ज होते. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने तिचे संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले. भविष्य निर्वाह निधीचा पैसाही तिच्या रोख्यांत होता, म्हणजे पगारदारांचा म्हातारपणाचा आधार. आणि बुडायच्या थोडे आधीपर्यंत तिच्या कागदांना ट्रिपल ए मानांकन होते, म्हणजे सर्वांत सुरक्षित. हे मानांकन देणाऱ्या एजन्सींना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने दंड केला, २५ लाख रुपये. पुढे काहींचा वाढवून एक कोटी केला. हजारो कोटींच्या कागदावर चुकीचा शिक्का मारणाऱ्याला एक कोटी! गटसचिवाने खोटे क. म. पत्रक केले तर त्याची नोकरी जाते, वर गुन्हा दाखल होतो.

येस बँकेबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. मार्च २०२० मध्ये बँकेवर निर्बंध आले, ठेवीदाराला ५० हजारांच्या वर काढता येईना. काही दिवसांत योजना आली, स्टेट बँकेने ६,०५० कोटी घातले, इतर खासगी बँकांनीही हात लावला, बँक उभी राहिली. संस्थापक राणा कपूर यांना त्याच महिन्यात अटक झाली. २०२५ मध्ये स्टेट बँकेने आपला मोठा हिस्सा जपानी बँकेला नफ्याने विकला. म्हणजे ठेवीदार वाचला, सरकारी बँकेचे पैसेही बुडाले नाहीत. बचाव असा होऊ शकतो, हे मान्य. पण ज्यांनी ती बँक त्या टोकाला नेली, ज्या कंपन्यांना कर्जे वाटली, ज्या लेखापालांनी ताळेबंदावर सह्या केल्या, त्या प्रत्येकाचा हिशेब कोणी एका कागदावर मांडून संसदेत ठेवला का? खटले चालू आहेत, एवढेच आपल्याला ऐकू येते. खटला हा न्यायालयाचा विषय. आपला पैसा आणि आपली जोखीम यांचा हिशेब हा संसदेचा विषय आहे.

हे फक्त भारतात घडते असे नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतली एआयजी ही विमा कंपनी कोसळायला लागली. सरकारने आधी ८५ अब्ज डॉलर दिले, वाढत वाढत मदतीची मर्यादा १८० अब्जांच्या पुढे गेली. आणि मार्च २००९ मध्ये बातमी आली की कंपनीला खड्ड्यात घालणाऱ्या त्याच विभागातल्या लोकांना १६ कोटी ५० लाख डॉलरचे बोनस वाटले जात आहेत. करार आहे, द्यावेच लागतील, असे सांगण्यात आले. लोक खवळले. काहींनी बोनस परत केले. पुढे सरकारचे पैसे नफ्यासह वसूल झाले, हेही खरे. मोठ्या वॉल स्ट्रीट बँकांच्या प्रमुखांपैकी कोणी तुरुंगात गेले नाही, हेही खरे.

पण त्या देशाने तेव्हा एक काम केले, ते आपण केलेले नाही. ७०० अब्ज डॉलरच्या मदतीचा जो कायदा ऑक्टोबर २००८ मध्ये झाला, त्याच कायद्यात विशेष महानिरीक्षकाचे पद निर्माण केले. या मदतीतला पैसा कोणाला गेला, कसा वापरला, कोणी फसवले, हे शोधायचे आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्या संसदेला लेखी सांगायचे, एवढेच त्या कार्यालयाचे काम. त्याच्या तपासातून छोट्या बँकांचे कितीतरी अधिकारी तुरुंगात गेले. मोठे सुटले म्हणून ते कार्यालय निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. मदतीबरोबरच पहारा जन्माला आला, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पैसा आधी जातो आणि पहारा कधी बसेल ते कोणाला सांगता येत नाही.

आपल्या कॅगलाही इथे हात बांधलेले आहेत. सरकारने बँकांत भांडवल कसे घातले हे तो तपासू शकतो, २०१७ मध्ये त्याने तसा अहवालही दिला. पण राष्ट्रीयीकृत बँकेने कोणत्या कंपनीला कर्ज दिले आणि ते का बुडाले, हे खाते उघडून पाहण्याचे काम त्याच्याकडे नाही, ते सनदी लेखापालांकडे. पाच एकरवाल्याचे खाते कॅगने पाहिले. पाच हजार कोटीवाल्याचे पाहिले नाही.

या पत्रावर एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. नावे जाहीर केली तर धंद्यावर परिणाम होईल, चालता कारखाना बंद पडेल, कामगार रस्त्यावर येतील, बँकांवरचा विश्वास उडेल. नागपूरजवळच्या बुटीबोरीत, हिंगण्यात कामाला जाणारी आमच्या गावची पोरे आहेत, कारखाना बंद पडला तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून मी संकटात असलेल्या प्रत्येक कर्जदाराचे नाव मागत नाही. मंदीने मारलेला उद्योजक आणि पैसा दुसरीकडे वळवणारा उद्योजक यांत फरक करायलाच हवा. जसा अळीने मारलेल्या कास्तकारात आणि पीककर्जाचे पैसे सावकारीत फिरवणाऱ्यात आम्ही करतो. मी मागतो ती नावे तिथली, जिथे जनतेचा पैसा आत गेला किंवा कर्ज निर्लेखित झाले. तिथे विश्वास आधीच मोडलेला असतो. माहिती लपवून तो परत कसा येणार?

सहकार कायद्यात कलम ८८ आहे. संचालकांच्या चुकीमुळे संस्थेचे नुकसान झाले तर चौकशी करून प्रत्येकावर रक्कम निश्चित करायची आणि ती त्यांच्याकडून वसूल करायची. अंमलबजावणी रखडते, मंत्रालयात स्थगिती मिळते, हे सगळे मान्य. तरी तत्त्व कायद्यात लिहिलेले आहे : नुकसान संस्थेच्या नावाने गोल करायचे नाही, माणसाच्या नावाने लिहायचे. सरकारी पैशाने वाचलेल्या प्रत्येक बँकेला आणि वित्त कंपनीला हे तत्त्व लागू व्हावे, आणि त्याला मुदत असावी. पैसा देताना जो ठराव होतो त्यातच लिहावे की इतक्या महिन्यांत जबाबदारी निश्चित होईल, मागच्या वर्षांचे बोनस परत घेतले जातील, आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत संबंधित व्यक्ती दुसऱ्या कोणत्याही वित्त संस्थेच्या मंडळावर बसणार नाही.

तुम्ही दहा जण आहात. वेगवेगळ्या पक्षांचे आहात, आणि यासाठी तेच बरे. विदर्भात प्रत्येक निवडणुकीत कर्जमाफीवर भाषणे होतात. तुम्हीही केली आहेत, आम्ही ऐकली आहेत. मोठ्या कर्जांवर मात्र सभेत एक वाक्य येते, टाळी मिळते आणि अधिवेशनात विषय निघत नाही. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. अतारांकित प्रश्नाला भाषण लागत नाही, पक्षाची परवानगी लागत नाही, सही लागते. म्हणून काम सोपे व्हावे यासाठी प्रश्नांचा मसुदा खाली देतो. भाषा हवी तशी बदला.

अर्थमंत्री कृपया सांगतील काय :

गेल्या दहा वर्षांत ज्या बँका व वित्त कंपन्यांना केंद्र सरकार, रिझर्व्ह बँक किंवा सरकारी बँकांच्या पैशातून सावरले गेले, त्या प्रत्येक प्रकरणात कोणत्या संचालकांवर, अधिकाऱ्यांवर, लेखापालांवर व मानांकन एजन्सींवर किती रकमेची जबाबदारी निश्चित झाली आणि आजवर किती वसूल झाली ;

सरकारी बँकांनी निर्लेखित केलेल्या १०० कोटींवरच्या कर्जखात्यांची नावे, निर्लेखनाचे वर्ष, त्यानंतरची वसुली व प्रवर्तकांची वैयक्तिक हमी यांची यादी दरवर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवण्यास सरकार तयार आहे काय, आणि नसल्यास कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमामुळे ;

आणि यापुढे अशा प्रत्येक मदतीसोबत संसदेला ठरावीक मुदतीने लेखी अहवाल देणारा स्वतंत्र महानिरीक्षक नेमण्याचा प्रस्ताव सरकारपुढे आहे काय, असल्यास तो कधीपर्यंत मांडला जाईल ?

आपला,
एक निवृत्त गटसचिव
जि. यवतमाळ